भालेरावकाकांचं जिनोआ

भालेरावकाका ऐन एप्रिलच्या कोरड्या सकाळी मिटलेली छत्री डोक्यावर उंच धरून चालतात. पालेगावात नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, म्हातारा पावसाला बोलावतोय. आमच्या सोसायटीतल्या आम्हा चौघांना मात्र माहीत असतं, की जिनोआची सहल निघाली.

जिनोआ म्हणजे इटलीतलं समुद्रकाठचं जुनं बंदर. आनंदनगरच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाल्यावर काका-काकी एका ग्रुपबरोबर तिकडे जाऊन आले. तिथल्या गाइडबाईंनी छत्री उंच धरून दोन तास पायी गाव दाखवलं. तेव्हापासून काकांनी आम्हाला मॉर्निंग वॉकला एकटं सोडलेलं नाही.

"ग्रुप, माझ्या मागं! फोटो नंतर, पैले ऐका!" सोसायटीचं गेट म्हणजे बंदर. पाण्याची टाकी म्हणजे दीपगृह. अर्धवट बांधलेल्या टॉवरपाशी आलं की काका राजवाडा दाखवतात, आणि आम्हीही गुमान माना वर करतो. "गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, काय सांगू! पन मी बाईंना बोललो, मॅडम, आमच्या कॅम्प दोनच्या बाजारात या. याच्यापेक्षा बारीक गल्ली, आन त्यात टेम्पो घुसतो!" बाईंना मराठीचा गंध नव्हता. त्या थँक्यू म्हणाल्या. काका ती शाबासकी समजतात.

प्रश्न विचारलेले त्यांना खपत नाहीत. कोणती इमारत किती जुनी, असं विचारलं की "लय जुनी" एवढंच उत्तर मिळतं.

इतक्या फेऱ्या झाल्या, पण काकी कधी आल्या नाहीत. एकदा मी त्यांना विचारलं, "काकी, तुम्ही काय पाहिलंत तिथं?"

"अकरा बॅगा," त्या म्हणाल्या.

जिनोआत त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता. काकांनीच त्यांना बंदरावरच्या बाकड्यावर बसवलं, "तू जरा सामान बघ, आम्ही आलोच," म्हणाले आणि छत्रीच्या मागे निघाले. मग सगळ्या ग्रुपने आपापली बॅग काकींच्या पायाशी आणून ठेवली. बसलेली बाई दिसली की तिच्याकडे सामान सोपवायला आपल्याकडे कुणी लाजत नाही. दोन तासांनी काका परत आले ते जवळजवळ नाचतच. आता घरात जिनोआचं नाव निघालं की काकी उठून स्वयंपाकघरात जातात. काकांना ते फार लागतं. साऱ्या गावाला दाखवून झालं, आणि जिला दाखवायचं तीच येत नाही.

मागच्या महिन्यात काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून रविवारी त्या काठी टेकत खाली उतरल्या. काकांनी छत्री वर केली, "ग्रुप..." म्हणाले आणि थांबले. काकी दहा-बारा पावलं चालून दमल्या आणि गेटजवळच्या बाकड्यावर बसल्या.

आम्ही चालायच्या तयारीत उभे होतो. काका वळले, आणि काकींच्या शेजारी जाऊन बसले.

काकींनीच विचारलं, "मग इथून पुढं काय होतं हो?"

"काय नाय," काका म्हणाले. "बघन्यासारखं सगळं इथंच होतं. मीच उगाच पुढं गेलो."

दीपगृह, राजवाडा, गल्ल्या, सगळं तोंडपाठ असलेले आम्ही चौघं समोर उभे होतो. आम्हीही गुमान माना डोलावल्या.