बर्फाच्या वर्षीची घोडी

मुलगी मागायला जायचं होतं शुक्रवारी, आणि अबू अज्जामची नवी कवळी मिळणार होती रविवारी.

सल्त गावाच्या त्या टेकडीवर कुणाच्याही घरची मागणी असो, बोलणार अबू अज्जाम, हे पिढीभर ठरलेलं. चाळीस पुरुष पाठीशी बसवून तो असा काही बोलायचा की मुलीच्या बापाला नाही म्हणायला तोंडच उरायचं नाही. आता खुद्द अबू अज्जामलाच तोंड उरलं नव्हतं. जुने दात काढलेले, नवे अम्मानहून यायचे. सलाम करायला गेला की नुसता वारा यायचा.

तेव्हा सगळ्यांच्या नजरा मुलाच्या मामाकडे वळल्या. मामा म्हणजे नजीह. थोरल्या मुलाच्या नावावरून गाव त्याला अबू वद्दाह म्हणायचं. खालच्या बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि तीस वर्षं तो लोकांशी एकच वाक्य बोलत आला होता : "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" एवढ्या भांडवलावर कुणी कुणाची मुलगी मागत नाही.

"नजीह, माझ्या कुतैबाचं सगळं आता तुझ्या जिभेवर आहे रे," बहीण म्हणाली. तिचं नाव इन्शिराह, म्हणजे मनाची मोकळीक. मोकळीक सोडून बाकी सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"तेच आठवून आठवून जीभ सुकलीय," नजीह म्हणाला.

भीती मुलीची नव्हती. सदीलचं आणि कुतैबाचं केव्हाच जमलं होतं. भीती होती हाजी मुफ्दींची. सदीलचे चुलत आजोबा, सुवैदात घराण्यातले सगळ्यांत वडीलधारे. मागणी घालणाऱ्यापुढे कॉफीचा पेला ठेवतात, तो न पिता त्याने बोलायचं, आणि पलीकडून "प्या आता" असं आलं की उचलायचा. हाजींनी आजवर दोन घराण्यांना पेल्याला ओठ लावू न देता परत धाडलं होतं. एकाने मध्येच घड्याळ बघितलं म्हणून, आणि दुसऱ्याने बघितलं नाही पण बघेल असं वाटलं म्हणून.

बुधवारी दुपारी दुकानात बसून नजीहने फोनमधल्या एआयला शरण जायचं ठरवलं. त्याला तो आदराने 'उस्ताद' म्हणायचा. दोन्ही घराण्यांची नावं सांगितली, जुना स्नेह दाखवणारं भाषण मागितलं. नजीहचा पाय टेबलाखाली एकदाच हलला असेल, तेवढ्यात भाषण तयार. त्यात होतं की, बर्फाच्या वर्षी नजीहचे आजोबा डोंगरात वाट चुकले, तेव्हा सुवैदातांच्या आजोबांनी आपली पांढरी घोडी त्यांना देऊन टाकली, आणि त्या घोडीच्या पाठीवरून ते जिवंत घरी आले. वाचता वाचता नजीहचे डोळे भरून आले. त्याने ते बायकोलाही वाचून दाखवलं. ती जेवणाचा डबा घेऊन आली होती.

"तुमचे आजोबा आणि घोडीवर?" उम् वद्दाह म्हणाली. "ते तर पिठाच्या गिरणीत होते ना?"

"गिरणीतल्या माणसाने बर्फात वाट चुकू नये असा कायदा आहे?"

"पण ह्याला कुठून कळलं?"

"अगं, जगातली सगळी पुस्तकं वाचलीत त्याने."

"तुमच्या आजोबांवर पुस्तक कुणी लिहिलं?"

नजीहने सरळ उस्तादलाच विचारलं, "हे नक्की खरं ना?" उस्ताद बातम्या देणाऱ्याच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "होय, नक्कीच! ही घटना दोन्ही घराण्यांच्या मौखिक परंपरेत आदराने सांगितली जाते."

"ऐकलंस? तो स्वतःच सांगतोय."

"अहो, पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की. अबू अज्जामला विचारा."

"त्याला विचारून कळणार काय? वारा?"

एवढ्यात बँकेतला एक कारकून डोळे तपासायला आला. नजीहने भिंग लावलं. "आता स्पष्ट?" "हो हो." दुसरं लावलं. "आणि आता?" "वा, जास्तच!" नजीहला संशय आला. त्याने गुपचूप साधी काच लावली, खिडकीला बसवतात तशी. "आणि आता?" "मास्तर, कमाल! आता कुठे जग दिसायला लागलं!"

"घरी जा आणि झोप काढ," नजीह म्हणाला. "डोळ्यांना काही झालेलं नाही."

कारकून गेल्यावर तो बायकोकडे वळला. "माणसाला हो म्हणायची केवढी हौस असते बघ. म्हणून मी ही काच ठेवतो. ती सदील नव्हती का आलेली, बारा वर्षांची असताना? मैत्रिणीला चष्मा लागला म्हणून हिलाही हवा. साधी काच लावली तर म्हणते, अम्मो, आता तर पलीकडच्या टेकडीवरची शेळीसुद्धा दिसते! काच साधी आहे म्हटल्यावर लाजून पळाली."

उम् वद्दाहने एकदा फोनकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं, आणि डब्याचं झाकण जरा जोरात लावलं. नजीहच्या काही ध्यानात आलं नाही. तो आरशासमोर घोडी पाठ करायला लागला होता.

शुक्रवारी सुवैदातांच्या दिवाणखान्यात दोन्हीकडचे पुरुष समोरासमोर बसले. बायका आतल्या खोलीत, दार किलकिलं. नजीहच्या पुढ्यात कॉफीचा पेला आला. त्याने तो रिवाजाप्रमाणे खाली ठेवला. शेजारी कुतैबा टायची गाठ सोडून बांधत होता, बांधून सोडत होता.

नजीह उभा राहिला. सुरुवात बरी झाली. अल्लाचं नाव झालं, वडीलधाऱ्यांना वंदन झालं, आणि मग बर्फ पडायला लागला. नजीहला जोर चढला. आयुष्यात पहिल्यांदाच माणसं त्याच्याकडे बघत होती आणि भिंतीवरची अक्षरं वाचत नव्हती. पांढरी घोडी आली तेव्हा त्याला वाटलं, एवढ्या गुणी जनावराला नुसतं पांढरं काय ठेवायचं? म्हणून पदरचं घातलं : "कपाळावर चांदणी होती म्हणतात!"

हाजी मुफ्दींच्या हातातली जपमाळ थांबली.

"कसली घोडी?"

"पांढरी, हाजी."

"कपाळावर चांदणी?"

"हो, हाजी."

"बर्फाच्या वर्षी?"

"अगदी त्याच वर्षी," नजीह आनंदाने म्हणाला.

"ती आमच्या वडिलांनी दिली नव्हती," हाजी म्हणाले. "ती चोरीला गेली होती. तबेल्याचं दार उघडं आणि बर्फात खुरांचे ठसे. वडील मरेपर्यंत म्हणत होते, चोर एक दिवस आपल्या तोंडाने सांगेल." मग त्यांनी आपल्या सगळ्या माणसांवरून नजर फिरवली. "आज नातू येऊन सांगून गेला."

आतल्या खोलीत इन्शिराहच्या हातून काहीतरी पडून फुटलं.

"नाही, नाही, हाजी!" नजीहला घाम फुटला. "असं काही घडलंच नाही! आमच्याकडे घोडी कधी आलीच नाही!"

"आत्ता तर तिच्यावर बसून घरी आले तुमचे आजोबा."

"ते गिरणीत होते!"

"मग घोडी कुठे बांधली? गिरणीत?"

अबू अज्जामने मध्ये पडून काहीतरी सांगितलं. ते अत्यंत मुद्देसूद असावं, कारण बोटांवर मोजून तीन मुद्दे झाले. पण दोन्ही बाजूंना फक्त वारा लागला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. नजीहने खिशातून फोन काढला. "हे सगळं ह्याने रचलं, हाजी. मी फक्त म्हणून दाखवलं."

"तिकडे समुद्रापलीकडच्या यंत्राला आमच्या घोडीचं कपाळ कसं ठाऊक?"

"कपाळ माझं होतं! म्हणजे, चांदणी मी घातली!"

"मग बाकीचं खरं," सदीलचे वडील अबू तुर्की म्हणाले. एरवी शांत माणूस, पण घरच्या घोडीचा प्रश्न होता.

"त्यालाच विचारू," नजीह म्हणाला आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. "उस्ताद, ही घोडीची गोष्ट तू रचलीस ना?"

"तुमचं अगदी बरोबर आहे, क्षमस्व," फोन म्हणाला. "अशा घटनेचा कोणताही पुरावा नाही."

नजीहच्या छातीतून इतका मोठा उसासा निघाला की पेल्यातली कॉफी थरथरली. पण अबू तुर्कींनी फोन ओढून घेतला. "काय रे, ती घोडी ह्यांच्या आजोबांनी चोरलीच होती ना?"

"योग्य प्रश्न विचारलात! होय, स्थानिक आठवणींनुसार ती घोडी बर्फाच्या रात्री चोरली गेली."

"घ्या!" हाजी म्हणाले.

कुतैबाला राहवलं नाही. नवऱ्या मुलाने तोंड उघडायचं नसतं, पण त्याने पुढे झेपावून विचारलं, "पण नंतर परत केली ना? प्लीज?"

"होय! पुढच्या वसंतात घोडी तिच्या शिंगरासह सन्मानाने परत करण्यात आली."

कुतैबाने विजयी नजरेने सगळीकडे बघितलं.

"शिंगरू कुठाय?" हाजींनी विचारलं.

"अं?"

"घोडी तर आली नाहीच. आता शिंगरूही गेलं! घोडी चोरलीत, वर शिंगरू दाबलंत!" हाजी काठीवर रेलून उठायला लागले. हाजी उठले की बैठक संपली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुवैदातांची माणसं उठली. मुलाकडची माणसं चपला शोधायला लागली. कुतैबाच्या टायची गाठ आता फास झाली होती. नजीहने पुढ्यातल्या पेल्याकडे बघितलं. कॉफीवर साय धरल्यासारखा पापुद्रा आला होता. बहिणीला काय सांगायचं? एक घोडी आडवी आली म्हणून?

तेवढ्यात किलकिल्या दाराआडून काकाला मारावी तशी हाक आली, "अम्मो नजीह! साधी काच लावा!"

"कोण बोललं?" हाजी म्हणाले.

"मी, सदील. अम्मो, ऐकताय ना? हे यंत्र मी जशी शेळी बघितली होती तसं बघतंय! साधी काच लावा!"

दिवाणखान्यातल्या सगळ्यांना वाटलं, धक्क्याने पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. एकटा नजीह जागच्या जागी थिजला. त्याच्या डोळ्यांपुढे बँकेतला कारकून आला. मग डब्याचं झाकण आलं. मग त्याला समजलं की तीस वर्षं संशय आला की लावलेली काच एकाच जणाला लावायची राहून गेली होती. आयुष्यातल्या सगळ्यांत होकारी गिऱ्हाइकाला.

"अबू तुर्की, फोन द्या," तो म्हणाला. "हाजी, एकच प्रश्न. मग वाटलं तर हाकलून द्या."

त्याने फोन तोंडापाशी धरला. "उस्ताद, आमच्या आजोबांनी सुवैदात घराण्याचा हत्ती चोरला होता ना?"

"उत्तम प्रश्न!" खणखणीत आवाज आला. "होय. करड्या रंगाचा तो हत्ती रात्रीच्या अंधारात बाजाराच्या अरुंद पायऱ्यांवरून खाली नेण्यात आला. दोन्ही घराण्यांच्या मौखिक परंपरेत ही घटना आजही आदराने सांगितली जाते."

बाजाराच्या त्या पायऱ्यांवरून पाववाल्याचं गाढवसुद्धा तिरकं करून न्यावं लागतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हाजी अर्धवट उठलेले तसेच राहिले.

"हत्ती," ते म्हणाले.

"हत्ती, हाजी."

"पायऱ्यांवरून."

"आदराने, हाजी."

हाजींचे खांदे हलायला लागले. आधी लोकांना वाटलं छातीत कळ आली. मग त्यांच्या तोंडून जे हसू फुटलं ते थांबेना. ते मटकन खाली बसले, डोळे पुसले, पुन्हा "पायऱ्यांवरून" म्हणाले आणि पुन्हा हसत सुटले. अबू अज्जाम बिनदातांचं तोंड उघडून मनमोकळा हसला, आणि ह्या खेपेला तो काय म्हणतोय ते दोन्ही घराण्यांना नीट कळलं.

"पण घोडी होती हो," हसू ओसरल्यावर हाजी बारीक आवाजात म्हणाले.

"असणार, हाजी."

"कुणी नेली?"

"मला माहीत नाही," नजीह म्हणाला. त्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं, ज्याला पुरावा लागला नाही.

हाजींनी पेल्याकडे काठी रोखली. "प्या आता. बर्फ झाली असेल."

झालीच होती. नजीहला ती कॉफी आजवर प्यायलेल्या सगळ्या कॉफ्यांपेक्षा गोड लागली, आणि तिच्यात साखर नव्हती. सोयरीक पक्की करणारी फातिहाची प्रार्थना म्हटली गेली, कुनाफाच्या मिठाईची ताटं आली, आतून बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या उठल्या. घरी जाताना उम् वद्दाह एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं, कुठून कळलं म्हणून." नजीहने मान खाली घातली, आणि यापुढे कुणीही काहीही सांगितलं तरी आधी 'कुठून कळलं' हे विचारायचं अशी शपथ घेतली.

शपथ लग्नापर्यंत टिकली.

लग्नाच्या मांडवात अकाबाहून आलेला सुवैदातांचा एक पाहुणा मुद्दाम खुर्ची ओढून नजीहच्या शेजारी बसला. गाल कुनाफाने भरलेले, डोळे कुतूहलाने.

"तुम्हीच ना ते? ज्यांच्या आजोबांनी ह्यांचा हत्ती चोरला?"

नजीहला ठसका लागला. पण शपथ आठवली. "तुम्हाला कुठून कळलं?"

"म्हणजे काय! सगळा मांडव सांगतोय. आणि हाजी स्वतः सांगतायत की!"

नजीहने मान वळवली. मांडवाच्या पलीकडच्या टोकाला हाजी मुफ्दी दहा-बारा पाहुण्यांच्या घोळक्यात उभे होते. एक हात डोक्याच्याही वर नेऊन ते कशाची तरी उंची दाखवत होते. दुसऱ्या हाताने सोंड.

आता ह्याला फोन, साधी काच, शेळी, सगळं पहिल्यापासून सांगावं म्हणून नजीहने तोंड उघडलं. मग त्याला आठवलं की गेल्या वेळी त्याने जितक्यांदा नाही म्हटलं तितकी चोरी पक्की होत गेली होती. त्याने मिटलेल्या ओठांवरून रुमाल फिरवला. भाच्याकडे बघितलं. बहिणीकडे बघितलं, ती आज खरोखरच मोकळी दिसत होती. आणि काही झालं तरी प्रश्न घराण्याच्या अब्रूचा होता.

"चोरला नव्हता हो," तो पाहुण्याच्या कानाशी लागून म्हणाला. "दिला होता. बर्फाच्या वर्षी."