अराबा मावशीच्या खोलीतली हाक

सांगा बघू, भरवसा ठेवायचा कोणावर? परक्यावर, घरच्यावर, की "मला सगळं येतं" म्हणणाऱ्यावर?

घानातल्या सेकोंडीच्या बाजारात कापड विकणाऱ्या एबो क्वान्साने तिसऱ्यावर ठेवला, कारण तिसरा तो स्वतःच होता. दुकानात बसून कॅमेऱ्यातून घराचं फाटक दिसावं म्हणून त्याने घरच्या राउटरमध्ये आपल्या हाताने नोंद केली. राउटर म्हणजे दारावरचा रखवालदार. बाहेरच्याला तो एकटाच दिसतो. कुठली टकटक आत कुठल्या खोलीकडे धाडायची, हे त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. एबोने सांगितलं. एकच आकडा चुकला. (माणूस आहे, तराजू नव्हे.)

मोबाइलवर फाटक उमटलंच नाही. काळोख उमटला. "हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ बसली असेल काचेवर," म्हणत त्याने मोबाइल तसाच गल्ल्याला टेकवून ठेवला.

तिकडे घरी, भर दुपारी, त्याच्या वारलेल्या अराबा मावशीच्या बंद खोलीतून हाक आली. "अगूऽ!"

आता दाराशी कोणी "अगू" म्हटलं की "अमे", म्हणजे या आत, म्हणायचंच. ती रीतच आहे. एबोची बायको एकुआ कसाव्याचं पीठ चाळत होती. सवयीने म्हणून गेली, "अमेऽ." मग हात थबकले. या म्हटलं खरं, पण कोणाला?

थोड्या वेळाने पुन्हा "अगू". या खेपेला पुरुषाचा गळा. मग एका म्हातारीचा. मावशी मंडळी जमवत होती.

रोज हेच. संध्याकाळी एबो आला की खोली चिडीचूप.

"अहो, मावशी तुम्हाला घाबरतात वाटतं."

"घाबरणारच! जिवंतपणीही घाबरायची."

"मग उद्या घरी बसा. पुन्हा हाक आली तर मी पोरं घेऊन विनेबाला चालले, आईकडे. कायमची."

"आणि दुकान काय तुझा बाप बघणार?"

दुसऱ्या दिवशी हाक आलीच. एकुआने बोचकी बांधली आणि जाण्याआधी निरोप घ्यावा म्हणून ती खोली उघडली.

दुकानात एबोच्या मोबाइलवर काळोखाला चीर गेली. दार सावकाश उघडलं. पांढराफटक चेहरा जवळ जवळ येत थेट त्याच्याकडे बघू लागला.

"मावशी?"

एबोच्या हातची कात्री गळाली. "म... मी मावशी नाही!"

"मग कोण? काय हवंय?"

"काही नको! जिनची बाटली घे, कोंबडं घे, पण माझं घर सोड!"

"सोडते," आकृती हुंदके देत म्हणाली. "पण माझ्या नवऱ्याला सांभाळा."

"कोण तुझा नवरा?"

"एबो क्वान्सा."

"मेलो!" एबो किंचाळला. "माझं लग्न झालंय हो! घरी आहे तिनेच जीव नकोसा केलाय, दुसरी कुठे ठेवू?"

हुंदके थांबले. पदराने चेहऱ्यावरचं पीठ पुसत आकृती अगदी हळू म्हणाली, "अहो..."

त्या एका शब्दाने एबोला घाम फुटला. भूत असतं तर बरं झालं असतं!

मावशीच्या आजारपणात तिच्याशी बोलता यावं म्हणून बसवलेला कॅमेरा तिथे अजून चालूच होता. त्या चुकलेल्या आकड्यामुळे एबोची टकटक फाटकाऐवजी तिकडे जात होती, आणि दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं "अगू" मोबाइलमधून त्या खोलीत उमटत होतं.

एकुआ विनेबाला गेली नाही. तिने ती नोंद पुसून टाकली, दुकानात एक कॅमेरा बसवून घेतला आणि तिथल्या राउटरमध्ये दुसरी नोंद केली. पहिल्याच फटक्यात जमली. आता दुकानातून घर दिसत नाही, घरून दुकान दिसतं. एबोकडे दिवसभर कोणीतरी टक लावून बघत असतं. तेव्हा बाबांनो, कुठलं दार कोणासाठी उघडलंत, याचा हिशेब तेवढा प्रामाणिकपणे ठेवा.