दुपट्ट्याखालची बोटं

डोमाजीभाऊंच्या हातात हात दिला की लगेच त्यावर दुपट्टा पडायचा. ते आधी बैलांचे दलाल. बैलबाजारात कापडाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, ती सवय त्यांनी नटांच्या धंद्यातही सोडली नाही. दिवाळीनंतर कुरखेड्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की गावोगाव नाटकं, आणि त्यांना नट पुरवायचे ते भाऊंनी. राजा पाहिजे? दुपट्टा. राक्षस? दुपट्टा. पाचही बोटं धरली म्हणजे सगळ्यांत चढा भाव. विचारलं तर म्हणत, "गुरुजी, कलावंताची किंमत चारचौघात बोलाची नाई. त्याले लाज वाटते."

मी शाळामास्तर. त्यामुळे कोणालाही हसायचा परवाना आपल्याकडे आहे, अशी माझी समजूत. भाऊ नटाचे दात मोजून घेतात, हे मी गावभर रंगवून सांगायचो. आता आठवलं की कान गरम होतात.

त्यांचा हुकमी नट वारलू. वीस वर्षं नाटकात राणी व्हायचा. लुगडं नेसून तो रडायला लागला की बाया पदर तोंडाला लावत. पण पुढे नागपूरहून खऱ्या बाया नाटकात येऊ लागल्या आणि गावोगाव वारलू नको झाला. भाऊंनी आपल्या शेतातल्या धानाच्या दोन बांध्या विकल्या नि जाहीर केलं, "मी शिनेमा काढून राह्यलो. राणी वारलूच!"

कॅमेरावाल्यानं हात जोडले, एखादी बाई आणा म्हणाला. भाऊ म्हणाले, "वीस वर्सं हाच माही राणी. आता याले का भालदार बनवू?"

सिनेमा मंडईतल्या तंबूत लागला. दिवेलागणीला सारा गाव आत. पुढे भाऊ आणि नवा सदरा घातलेला वारलू, त्यांच्या मागेच मी. पडद्यावर राणीचा चेहरा आला, पडदाभर. नाटकातल्या कंदिलांनी वीस वर्षं झाकलेली दाढीची खुंटं बांधीतल्या धसकटांसारखी उभी होती. तंबू गप्प होता. मी फसकन हसलो. मग सगळा तंबू हसला, तो शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माझ्या ओसरीवर आले. वारलूची मान खाली.

"हा म्हणते, गाव मले हासलं," भाऊ म्हणाले. "म्या म्हटलं, गावाले का समजते? गुरुजीले पुसू. शिकेल माणूस. सांगा गुरुजी, याच्या कामाची किंमत."

हात पुढे आला. वर दुपट्टा पडला. माझी बोटं हलेचनात. कोणत्या तोंडानं भाव सांगणार होतो मी? तेव्हा भाऊंनीच माझी पाचही बोटं मुठीत घट्ट धरली आणि ओरडले, "पाच! पुरे पाच देल्ले गुरुजीनं, वारलू!"

वारलूनं वर पाहिलं. हसला, आणि चक्क माझ्या पाया पडला. जमिनीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

भाऊंनी हात लगेच सोडला नाही. माझं हसू त्यांना दहा जणांत ओळखू यायचं, आणि काल तर ते त्यांच्या कानाशीच फुटलं होतं. पण वारलूसमोर ते चकार शब्द बोलले नाहीत. माझी किंमत त्यांनी दुपट्ट्याखालीच ठेवली.