हरणी मोटार धूर सोडू लागली, त्याची बखर

श्रीधूम्रवर्ण गजानन प्रसन्न. ज्याच्या कृपेने आत गेलेले बाहेर येते आणि अडकलेले सुटते, त्यास नमन करून हकीकत लिहिली ऐसीजे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, माघ मासी, या राज्याच्या गाडीखान्याचे दरोगे सटवाजी ढमढेरे यांस सकाळी उठवेना. वय सत्तरीपुढे, गुडघे दोन, दोन्ही नाराज. गाडीखान्यात गाडी एकच, विलायती मोटार, नाव हरणी, वजन हत्तिणीचे. कैलासवासी महाराज हयात असता दर रविवारी थोरल्या बाईसाहेबांस शेजारी बसवून ती स्वतः हाकीत, कळंबीच्या तळ्यापावेतो जात, कांदाभजी खात आणि परत येत. मग महाराज कैलासास गेले आणि हरणी जागची हलली नाही, त्यास एकवीस वर्षे जाहली. परंतु रिवाज राहिला. दर दसऱ्यास सटवाजींनी मोटार पुसावी, झेंडूचा हार घालावा, सुकाणूस हळदकुंकू लावावे, धूप जाळावा, मग बाईसाहेबांनी सज्जातून विचारावे, "दरोगा, रथ सज्ज?" आणि सटवाजींनी मुजरा करून म्हणावे, "सज्ज, बाईसाहेब." ऐसे एकवीस वेळा विचारिले आणि एकवीस वेळा सांगितले. किल्ली एकदाही फिरविली नाही. पहिल्या वर्षी हिंमत जाहली नाही, दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाची लाज वाटली, आणि पुढे सवय पडली.

ऐसे असता बाईसाहेबांचे चिरंजीव धाकटे महाराज यांच्या चित्तात आले की आपले पोट सुटले, सबब गाडीखाना मोकळा करून तेथे व्यायामशाळा बांधावी. मग त्यांनी सोमवारी भंगारवाल्यास येण्याची आज्ञा पाठविली आणि ही वार्ता बाईसाहेबांच्या कानी घालण्यास दरबार आणि दरोगे यांसह स्वतः गेले. बाईसाहेब मटार सोलीत बसल्या होत्या. त्या बोलिल्या, "हरणी भंगारात? चालती मोटार?"

"आईसाहेब, ती चालत नाही."

"कोण म्हणतं? दरोगा दर दसऱ्याला सांगतात, सज्ज आहे म्हणून. ढमढेऱ्यांचा शब्द खोटा असतो का?"

तेव्हां सर्व दरबाराने सटवाजींकडे पाहिले आणि सटवाजींनी भिंतीकडे पाहिले. भिंतीवर काही नव्हते, तरी त्यांनी बहुत वेळ पाहिले. अखेर ठराव ऐसा जाहला की रविवारी हरणीने बाईसाहेबांस तळ्यापावेतो न्यावे आणि आपल्या पायी राजद्वारात परत आणावे. आणिले तर व्यायामशाळा रद्द, न आणिले तर सोमवारी मोटार भंगारात. धाकटे महाराज पुढे बोलिले, "आणि मग दरोग्यांचं तरी काय काम उरतं?" सटवाजींस भंगाराचे इतके वाटले नाही. एकवीस वर्षे दिलेला शब्द रविवारी चारचौघांत उघडा पडणार, याचे वाटले. मग ते घरी जाऊन जेवले नाहीत, कारण दात दुखत होता आणि भूकही नव्हती.

दुसरे दिवशी इंजनांचे धन्वंतरी उस्ताद इलाही शिकलगार यांस पाचारण केले. उस्तादांनी मोटारीस प्रदक्षिणा घातली आणि विचारिले, "दरोगासाहेब, ही शेवटची कधी सुरू केली होती?"

"दसऱ्याच्या आसपास."

"कुठल्या?"

सटवाजी बोटांवर मोजू लागले. बोटे संपली. उस्ताद बोलिले, "पायाची पण धरा." तीही संपली आणि एक वर्ष उरले, तेव्हां उस्तादांनी उसासा टाकून सदरा काढिला. मग टाकीतील पेट्रोल काढिले, ते काकवीसारखे सांडले; मग नवी बॅटरी बसविली आणि प्लग घासले आणि कार्बोरेटर उकलून धुतला आणि टायरांत हवा भरली, ती एकातून गेली, पुन्हा भरली. ऐसे तीन दिवस गेले. चवथे दिवशी किल्ली फिरविली, तों हरणी दोनदा खोकली, एकदा हुंकारली आणि गप्प जाहली. पुन्हा फिरविली, पुन्हा तेच. सटवाजी पायरीवर बसले. उस्तादांनी कान लावून ऐकिले आणि बोलिले, "श्वास घेते, पण सोडत नाही." मग मागे जाऊन सायलेन्सरवर पाना हाणिला. पोकळ पत्रा खणखणतो. हा उशीसारखा भद्द बोलिला. उस्तादांनी पाइपात सळई घातली आणि ओढिली, तों प्रथम झेंडूचे फूल निघाले.

उस्तादांनी फुलाकडे पाहिले, मग सटवाजींकडे पाहिले. मग पुन्हा सळई घातली. आपट्याची पाने निघाली आणि धुपाची राख निघाली आणि अक्षता निघाल्या आणि वाळकी लिंबे निघाली, मग आणखी झेंडू, मग आणखी राख, ऐसे थरावर थर, दसऱ्यामागे दसरा. वरच्या थरास अजून वास होता, तळचा दगड जाहला होता. उस्ताद बोलिले, "हे काय हो? ही मोटार आहे का देवळातली हुंडी?"

सटवाजी बहुत हळू बोलिले, "निर्माल्य आहे. पायदळी येऊ नये म्हणून ठेवलं."

"अहो, पाण्यात सोडायचं असतं ते!"

"तळं दीड कोस. गुडघे माझे."

"मग तुळशीत घालायचं!"

"तुळस जनानी चौकात. तिथं जायला परवाना लागतो. परवान्याला तीन शिक्के. तिसरा शिक्का ज्यांच्याकडे होता, ते वारले."

"म्हणून सायलेन्सरमध्ये?"

"स्वच्छ जागा होती," सटवाजी बोलिले, "आणि रिकामी."

उस्तादांनी कपाळावर हात मारिला, तो तेलकट होता. ओढून ओढून टोपलीभर निर्माल्य निघाले, आणि निघाल्यावर दुसरे संकट उघडे पडले. सायलेन्सराचा पत्रा गंजून चाळण जाहला होता; इतकी वर्षे निर्माल्यानेच त्यास आतून धरून ठेविले होते. मग मुदपाकखान्यातून गोडेतेलाचा रिकामा डबा आणिला, कापून पाइपाभोवती गुंडाळिला आणि तारेने आवळिला. सटवाजींनी विचारिले, "टिकेल?" उस्ताद बोलिले, "टिकेल असं मी म्हणतो, तुम्ही सज्ज म्हणता तसं."

मग रविवार उजाडला. दरबार जमला. राज्याचे सैन्य, अकरा असामी, रांगेने उभे राहिले. धाकटे महाराज गाडीखान्याची मापे घेण्यास टेप घेऊन मोटारीमागे उभे होते. बाईसाहेब जिना उतरून आल्या, हातात भज्यांचा डबा, कारण तळ्यावरील भजीवाला पूर्वीच गेला होता. त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारिले, "दरोगा, रथ सज्ज?" सटवाजींनी मुजरा केला. सज्ज हा शब्द एकवीस वर्षांच्या सवयीने दातांपर्यंत आला, आणि दुखऱ्या दातास लागून थांबला. मग ते बोलिले, "नाही, बाईसाहेब. कधीच नव्हता. मी किल्लीच फिरवली नाही." बाईसाहेब बोलिल्या, "ते मला पहिल्याच दसऱ्याला कळलं होतं. सज्ज मोटारीखाली मांजर वितं होय?"

"मग विचारत का होता, बाईसाहेब?"

"तुम्ही सज्ज म्हणालात की वाटायचं, आता हे जिना उतरून येतील." त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. "आज तरी चालेल का?"

"चालेल. पण बोंबलत चालेल."

"बोंबलू दे."

मग बाईसाहेब पुढे आपल्या जुन्या जागी बसल्या, निर्माल्याची टोपली मागल्या बैठकीवर ठेविली, उस्ताद पाण्याची बादली घेऊन तिच्या शेजारी बसले, धुराचे भय म्हणून काचा सर्व उतरविल्या आणि सटवाजींनी किल्ली फिरविली. हरणी खोकली, हुंकारली, आणि मग ऐसा बार जाहला की पाइपाचा तेलडबा उडून नगारखान्यावर गेला आणि पाइपात चिकटून राहिलेला पहिल्या दसऱ्याचा गोळा सुटून मागे उभ्या धाकट्या महाराजांचे छातीवर फुटला. महाराज डोकीपासून पायांपर्यंत राखेने भरले. रागवावे तर ते निर्माल्य, म्हणून रागावता येईना. तेव्हां त्यांनी जागीच डोळे मिटून हात जोडिले. हरणी बोंबलत राजद्वाराबाहेर पडली. आवाज ऐकून प्रजेने दारे लाविली आणि शेजारील राज्याचा वकील पांढरे निशाण घेऊन शरण आला. त्यास चहा पाजून परत पाठविले. प्रत्येक क्लचागणिक सटवाजींचा गुडघा कळवळत होता, परंतु ते बोलिले नाहीत, आणि बोलिले असते तरी ऐकू आले नसते.

तळ्यावर बाईसाहेबांनी भजी खाल्ली, दोन सटवाजींस दिली, दोन उस्तादांस दिली आणि दोन शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेविली. मग टोपली पाण्यात सोडिली. एकवीस दसरे क्षणभर तरंगले आणि बुडाले. बाईसाहेब बोलिल्या, "दरोगा, यापुढे दरसाल निर्माल्य इथंच आणायचं. पाइपात नाही."

"बाईसाहेब, दीड कोस आहे. माझे गुडघे…"

"मोटार आहे ना."

परतताना राजद्वाराच्या चढावर हरणीने श्वास सोडिला आणि पुन्हा घेतला नाही. द्वार वीस हात उरले होते. सटवाजींनी सुकाणूवर डोके टेकिले. वर राखेने भरलेले धाकटे महाराज उभे होते, ते आनंदाने बोलिले, "आईसाहेब, ठराव आपल्या पायी येण्याचा होता!" बाईसाहेबांनी काचेबाहेर मान काढिली आणि बोलिल्या, "तुला व्यायाम करायचा होता ना? लाव खांदा." चारचौघांत आईस नाही म्हणता येईना, सबब महाराजांनी खांदा लाविला, मग सैन्याने लाविला, मोटार पाच हात सरकली, सटवाजींनी क्लच सोडिला, इंजन पेटले आणि हरणी आपल्या पायी, आपल्या आवाजात, द्वारात शिरली. महाराज मागे घामाघूम बसले होते. त्यांचा पट्टा एक भोक आत गेला होता, हे त्यांनी स्वतः पाहिले, मग दुसऱ्यांदा पाहिले, आणि भंगारवाल्यास निरोप पाठविला की येऊ नये.

येणेप्रमाणे व्यायामशाळा जाहली, परंतु गाडीखान्यात नव्हे. ती दर दसऱ्यास चढावर भरते. मोटार एक आणि दरोगा एक, दोघेही चालतात, दोघांचेही सांधे वाजतात. बाईसाहेब हल्ली सज्जातून विचारितात, "दरोगा, चालेल का?" आणि सटवाजी आधी किल्ली फिरवून पाहतात, मग सांगतात. धूर निवळला, लेखणी ठेविली.