इतर दोघांची हरकत नसल्यास

नाजूक वस्तूचं काम तिचा दम आहे तोवर उरकावं, हे शास्त्रालाही मान्य आहे आणि दूध तापवणाऱ्या बाईलाही.

मानवत-पोखर्णीच्या मधल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे भुजंगराव, विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यात, याच सत्यापायी जेरीस आले होते. क्वांटम संगणक नावाचं यंत्र तेव्हा फक्त कागदावर होतं (कॉलेजात साधा संगणकही नव्हता, त्यामुळं उणीव भासत नसे). त्या यंत्रातला कण म्हणे एकाच वेळी होयही असतो आणि नाहीही. पण पापणी लवली की सगळं विसरतो. तीन कणांचं काम शास्त्रज्ञ मंडळी दोघादोघांची गाठ घालून पाच फेऱ्यांत उरकत, आणि तोवर पहिल्याची स्मृती गेलेली असे. भुजंगरावांनी सहा वर्षं आकडेमोड करून दाखवलं की तिघांना एकदम हलवलं तर एकाच फेरीत भागतं. बेंगलोरच्या एका परिषदेनं त्यांना निबंध वाचायला बोलावलं. असं पत्र जन्मात पहिल्यांदा आलेलं. त्यांच्या पत्नी कमलबाईंनी ते देवापुढं ठेवलं.

आता फक्त कॉलेजची ना-हरकत हवी होती. सह्या तीन, अर्जाची मुदत पंधरा दिवस. विभागप्रमुख सूर्यभानरावांनी लिहिलं, 'अधीक्षकांशी चर्चा करावी.' अधीक्षक आश्रुबांनी लिहिलं, 'प्राचार्यांशी चर्चा करावी.' प्राचार्य दिनकररावांनी अर्ज पुन्हा सूर्यभानरावांकडं धाडला. पाच फेऱ्या झाल्या की मुदत संपे आणि नवा अर्ज करावा लागे. असे दोन अर्ज वारले. (सरासरी चर्चा चार मिनिटं, त्यातली साडेतीन तुरीच्या भावावर.)

तिसऱ्या अर्जाला भुजंगरावांच्या डोक्यात उजेड पडला.

"आपलंच शास्त्र अन् आपणच इसरलो बघा," ते कमलबाईंना म्हणाले. "तिघांला एका टायमाला धरायला पायजे."

"मग हुरड्याला बोलवा की. फुकटच्या हुरड्याला कोण न्हाई म्हणतंय?"

कोणीच म्हणालं नाही. रविवारी शेतात तिघं आगटीभोवती बसले. लसणाच्या चटणीवर मंडळी खूश आहेत असं पाहून भुजंगरावांनी अर्जाच्या तीन प्रती आणि तीन पेनं तिघांच्या हाती एकदमच दिली. चाळीस सेकंदांत काम फत्ते.

"लय सोपं काम होतं की सर. उगं हेलपाटे घातले तुमी," आश्रुबा दाणे फुंकत म्हणाले.

घरी येऊन भुजंगरावांनी चष्मा लावला. तिन्ही प्रतींवर, तीन वेगळ्या हस्ताक्षरांत, एकच शेरा होता : 'इतर दोघांची हरकत नसल्यास माझी हरकत नाही.'

होकार म्हणावा तर नाही, नकार म्हणावा तर तोही नाही. परिषद उरकली, निबंध ट्रंकेत गेला. भुजंगरावांना वाईट वाटलं, फार वाटलं. आकडेमोडीची वही त्यांनी पुन्हा उघडली नाही. शास्त्राचा विजय मात्र मोठा झाला. भल्याभल्या प्रयोगशाळांत जी अवस्था क्षणभर टिकत नाही, ती त्या अर्जाच्या फायलीत अजून शाबूत आहे (वीज लागत नाही, झुरळंही शिवत नाहीत).

तुम्हाला भुजंगरावांची कीव आली असेल. त्या आगटीभोवती चौथे तुम्ही असता, तर ठणकावून 'जा' असंच लिहिलं असतं, यात शंका नाही. फक्त लिहिण्याआधी शेजारच्याच्या कागदात एकदा डोकावला असता.