माजी शिकारी पाहिजेत

मुलुंडला डोंगराच्या उतारावर, जंगलाच्या भिंतीला खेटून असलेल्या वस्तीत राहणाऱ्या अंबादास खिल्लारे याने आयुष्यात एकही रानटी प्राणी मारला नव्हता, आणि त्याची शिक्षा म्हणून तो अन्नाला महाग झाला होता.

अंबादास परांची बांधायचा. इमारतीभोवती बांबू उभे करायचे, काथ्याने एकमेकांना आवळायचे आणि वर चढणाऱ्या रंगाऱ्यांचा जीव त्या गाठींवर सोपवायचा, हे त्याचं काम. पुढे टॉवरवाल्यांनी लोखंडी पाइप आणले आणि अंबादास घरी बसला. चूल कधी पेटायची, कधी नाही. त्याची मुलगी रश्मी शाळेतल्या खिचडीवर जगत होती, त्यामुळे सणाची सुट्टी जाहीर झाली की शाळा परत कधी उघडणार, एवढंच पोरगी विचारायची.

अशात वनखात्याने ‘माजी शिकारी सन्मान व पुनर्वसन योजना’ काढली. माणूस गरिबीमुळे शिकार करतो. सबब शिकार सोडणाऱ्याला कायमची नोकरी, खाकी गणवेश आणि महिन्याचं रेशन द्यावं, असा विचार. विचार अगदी चोख होता. अंबादास अंघोळ करून कार्यालयात गेला.

“किती प्राणी मारलेत?” परुळेकर साहेबांनी विचारलं. विद्याधर परुळेकर योजनेचे प्रमुख होते आणि माणूस मनाने वाईट नव्हता.

“एक पण नाय, साहेब.”

“मग सोडणार काय?”

“साहेब, गरिबी लय आहे हो. काम गेलं माझं.”

“गरिबी चालणार नाही,” साहेब हळहळून म्हणाले. “तुमची वस्ती गेल्याच वर्षी गरिबीमुक्त जाहीर झाली. समारंभाला मी स्वतः होतो. तुम्ही आधी शिकार करा, मग तिचा पश्चात्ताप करा, मग या. पश्चात्तापाशिवाय मला काही करता येत नाही.”

घरी चंपाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “शेजारचा मिथुन रानडुकराच्या तंगड्या विकायचा. आता बघा, खाकी घालून मिरवतोय. आणि तुम्ही बसा साधुसंत बनून!”

“अगं, पण मुकं जनावर मारायचं म्हणजे…”

“आपली पोरगी बोलती हाय म्हणून तिला उपाशी मारायची का? जावा, एक ससा तरी धरा!”

अंबादास उठला. तो उरलेला काथ्या घेऊन भिंतीपलीकडे गेला आणि त्याने फास लावला. आता फास म्हटला की गाठ सरकती हवी. पण सरकत्या गाठीने परांचीवरचा माणूस खाली येतो, हे त्याच्या हातांत इतकं मुरलेलं की हातांनी त्याला न विचारताच पक्की गाठ मारली. परिणामी फास आवळलाच नाही. एक गुबगुबीत ससा त्यात अर्धा शिरला, पोटापाशी अडकला आणि अंबादास येईपर्यंत कंटाळून झोपून गेला.

अंबादासने त्याला फासातून सोडवलं, फासासकट सिमेंटच्या गोणीत घातलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. “झाली शिकार. आता पश्चात्ताप करू का?”

साहेबांनी गोणीत डोकावलं. “हा तर तुमच्यापेक्षा धडधाकट आहे. शिकार म्हणजे प्राणी मेलेला पाहिजे हो.”

“मग मारू?”

“माझ्यासमोर? मला गुन्हा नोंदवावा लागेल!”

पेच मोठा होता. तो सोडवला रेवतीताईंनी. ‘वनसखी’ संस्थेच्या रेवतीताई शिकारीच्या कारणांचा अभ्यास करत होत्या आणि चहासाठी कार्यालयात आल्या होत्या. सशाला बघताच त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी अंबादासचा हात हातात घेतला. “किती संवेदनशील आहात! ह्याला फासातून सोडवलंत ना तुम्ही?” अंबादासने सोडवलं होतं, हे तर खरंच होतं. त्याने मान हलवली. लगोलग त्याचा प्राणीमित्र म्हणून सत्कार झाला. शाल आणि नारळ मिळाला, आणि तो नारळ घरी पोचल्याबरोबर फोडून तिघांनी खाल्ला.

सत्काराचा फोटो सगळीकडे फिरला. त्यात सशाच्या शेजारी पुरावा म्हणून फासही ठेवला होता. खात्याच्या वरिष्ठांनी फोटो मोठा करून फासाची गाठ पाहिली आणि विचारलं, की मुलुंडमध्ये परांचीची गाठ बांधणारा दुसरा कोण आहे? प्राणीमित्राला शिकारीच्या प्रयत्नाबद्दल अटक झाली. अंगावरची शाल मुद्देमालात जमा झाली.

चंपा धावत कार्यालयात गेली. “साहेब, आता तर झाले ना शिकारी! द्या नोकरी!”

“बाई, योजना शिकार सोडलेल्यांसाठी आहे. यांनी सोडली नाही, यांना धरलंय.”

“मग आता सोडतील की!”

“कोठडीत बसून? तिथे प्राणीच नाहीत. संधी असताना सोडली तर ती सोडली म्हणायची. त्यांना जामीन मिळू दे, मग ते पुन्हा फास लावतील, मग मनापासून सोडतील. मी स्वतः शिफारस करीन.”

इकडे सशाचा भाव वधारला. रेवतीताईंच्या टॉवरमधल्या लोकांनी त्याला दत्तक घेतलं. डॉक्टर आला. गाजरं, मेथी, कोथिंबीर, सगळं सेंद्रिय. रेवतीताई खरंच दयाळू. त्यांनी चंपाला सशाची भाजी चिरायला ठेवून घेतलं. चंपा मन लावून चिरायची. फक्त गाजराची सालं आणि मेथीची देठं ती पदरात बांधून घरी न्यायची, आणि एका संध्याकाळी रश्मीला ताप होता म्हणून तिने एक अख्खं गाजर नेलं.

कॅमेऱ्यात ते दिसलं. टॉवरच्या ग्रुपवर हाहाकार उडाला. एका मुक्या जिवाच्या तोंडचा घास! रेवतीताईंना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी जड मनाने चंपाला काढून टाकलं आणि आपल्या अभ्यासात शिकारीचं मुख्य कारण लिहिलं: ‘हव्यास’.

ही गोष्ट मी बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. अंधेरीला, बोरिवलीला, घाटकोपरला. सगळीकडे मंडळी हसतात, चुकचुकतात आणि शेवटी काळजीने विचारतात, “आणि त्या सशाचं काय झालं हो?”

ससा मजेत आहे. वजन वाढलंय, डॉक्टरांनी जरा फिरायला सांगितलंय.

अंबादासचं, चंपाचं आणि रश्मीचं काय झालं, तेही मला ठाऊक आहे. पण ते अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही आत्ता सशाचाच विचार करत होतात.