वार्पूची सौना आणि खारीचं बाळंतपण

“वार्पू, यंदा तुला नगरपालिकेत नाही बसवलं, तर या मामाचं नाव बदल!” मी छातीठोक सांगून टाकलं. माझी भाची हरित पक्षाची. दोनदा पडलेली. तिसऱ्यांदा आपटली असती, तर पक्ष तिला पुन्हा उभं करणार नव्हता.

बेत माझाच. शनिवारी अख्ख्या गावाला तिच्याकडे सौनाचं, म्हणजे गरम वाफेच्या स्नानाचं, आमंत्रण! आमच्या कायनू प्रांतात घामाघूम झालेला माणूस कशालाच नाही म्हणत नाही.

दुपारी लाकडं रचायला गेलो, तर सौनाच्या माळ्यावरून बटणांसारखे दोन डोळे माझ्यावर रोखलेले. उडती खार! पोटाखाली चार पिल्लं!

“हाकलू का गं?”

“मामा, हात लावून तर बघा! तिचं घरटं मोडायला कायद्याने बंदी आहे!”

याच जातीच्या खारीपायी तिने ओस्मो राउतिओ या ठेकेदाराचा जंगलातला रस्ता वर्षानुवर्षं अडवला होता. आणि संध्याकाळी टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे कोण? ओस्मो!

“काय वार्पूबाई, धूर दिसत नाही तो? की खारीची परवानगी यायचीय?”

गाव खो खो हसलं. थंड सौनावरून पाहुणे परत धाडणाऱ्या बाईला आमच्याकडे तिचा नवराही मत देत नाही!

वार्पूने ओठ आवळले. “सौना पेटणार नाही. तळ्याच्या बर्फात भोक पाडलंय. चला!”

“अंग न तापवता?”

“भीती वाटते का, ओस्मोभाऊ?”

झालं! ती धबकन आत. बाईच्या मागे राहतोय कोण? ओस्मो, पोस्टमन, पाद्री, सगळे धबाधब! किंकाळ्या अशा, की सरहद्दीपलीकडची रशियन अस्वलं झोपेतून उठली!

निळीजांभळी पडलेली वरात धावत सुटली, ती शेजारच्या तापलेल्या सौनात. ती निघाली ओस्मोची! पण सौनात शिरलेल्या माणसाला कोण हाकलतो? वार्पू त्याच्याच वरच्या बाकावर बसली आणि तापल्या दगडांवर पाणी ओतत जंगलावर बोलू लागली. बाहेर उणे दहा, आत भाषण. पळणार कुठे?

“अगं बाई, देतो मत!” ओस्मो विव्हळला. “पण पाणी ओतणं थांबव!”

वार्पू निवडून आली! पेपरात पहिल्या पानावर फोटो झळकला: बर्फाच्या भोकात ती, ओस्मो, अख्खं गाव. मीही आहे त्यात. काठावर. कोट, कानटोपी, हातमोजे घालून “अरे, मारा उड्या!” म्हणून ओरडताना.